पाण्याची पातळी आणि गोपनीयतेचा शिक्का

पाणी अडवायला धरण बांधावे लागते. त्याला वर्षे लागतात, पैसा लागतो, गावे उठवावी लागतात. पाण्याचा आकडा अडवायला मात्र एक शिक्का पुरतो. गेल्या काही काळात घडलेल्या घटना पाहिल्या तर आजच्या जगातील जलसंघर्षाचा मोठा भाग पाण्यापेक्षा पाण्याच्या आकड्यावरच चालला आहे, हे ध्यानात येते.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारत सरकारने १९६० चा सिंधू जलकरार स्थगित ठेवत असल्याचे जाहीर केले. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर 'पाणी तोडले' असा एकच गजर झाला. वस्तुस्थिती अशी की सिंधू, झेलम आणि चिनाब या तीन नद्यांचे संपूर्ण पाणी अडवू शकतील एवढी साठवण क्षमता आपल्याकडे नाही. त्या दिवशी खरोखर थांबले ते आकडे. कराराच्या सहाव्या कलमाप्रमाणे दोन्ही देशांनी नद्यांच्या दैनंदिन पातळीच्या आणि विसर्गाच्या नोंदी एकमेकांना नियमित द्यायच्या होत्या. ती देवाणघेवाण बंद झाली. पुढे ऑगस्टमध्ये तवी नदीला पूर आला तेव्हा भारताने करारातील सिंधू आयुक्तांमार्फत न कळवता उच्चायुक्तालयामार्फत, माणुसकीच्या भूमिकेतून म्हणून पाकिस्तानला इशारा दिला. तो दिला हे योग्यच झाले. पण हक्क म्हणून मिळणारी माहिती आणि मेहेरबानी म्हणून मिळणारी माहिती यांतला फरक आमच्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता नकाशाच्या दुसऱ्या टोकाला पाहा. ब्रह्मपुत्रेचे पावसाळ्यातील आकडे चीनने भारताला द्यावेत असा समझोता होता. २०१७ मध्ये डोकलामचा तंटा पेटला आणि त्या वर्षी चीनकडून आकडे आले नाहीत. ब्रह्मपुत्रेवरील समझोत्याची मुदत २०२३ मध्ये संपली, सतलजवरील समझोत्याची त्याआधीच, २०२० मध्ये. जुलै २०२५ मध्ये चीनने तिबेटात यारलुंग त्सांगपोच्या वळणावर महाकाय जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. त्याबरोबर दिल्लीत चिंता व्यक्त होऊ लागली की वरचा देश आकडे देत नाही, आसामच्या जनतेने करायचे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु हाच प्रश्न आपल्या खालच्या अंगाला राहणारा बांगला देश आपल्याला विचारतो, तेव्हा आपल्याकडची उत्तरे चीनच्या उत्तरांसारखीच असतात.

या सगळ्या लपवालपवीवरून आकाशातून काहीजण रोज फिरत आहेत. आजच्या लेखाचा विषय तेच आहेत: पृष्ठभागाची उंची मोजणारे उपग्रह. विषय विज्ञानाचा असला तरी तो वैज्ञानिकांवर सोपवून देण्याजोगा नाही, असे आमचे मत आहे.

उंचीमापक उपग्रहाचे तत्त्व एखाद्या शाळकरी मुलालाही समजेल इतके साधे आहे. उपग्रह रडारची एक लहर सरळ खाली सोडतो. ती पाण्यावर आपटून परत येते. जाण्यायेण्याला लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. उपग्रह स्वतः किती उंचीवर आहे हे माहीत असले की वजाबाकी करून पाण्याची पातळी मिळते. ऑगस्ट १९९२ मध्ये अमेरिका आणि फ्रान्सने मिळून सोडलेला टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह सुमारे १३३६ किलोमीटर उंचीवरून फिरत होता. तेथून लहर खाली जाऊन परत यायला सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो. एवढ्याशा वेळात काही सेंटिमीटरचा फरक ओळखायचा म्हणजे वजाबाकी साधी असली तरी काम साधे नाही. हवेतील बाष्प लहरीला किंचित उशीर लावते, त्याचा हिशेब करावा लागतो. भरती-ओहोटी वजा करावी लागते. उपग्रहाची कक्षा जमिनीवरून सतत तपासावी लागते. टोपेक्सनंतर जेसन मालिकेतील तीन उपग्रह झाले, मग नोव्हेंबर २०२० मध्ये सेंटिनेल-६ आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचा जोडीदार. एकाने दुसऱ्याच्या हाती सूत्र द्यावे तशी ही अखंड नोंद १९९३ पासून चालू आहे. तिच्यावरून समजते की जगाच्या समुद्राची सरासरी पातळी तेव्हापासून दहा सेंटिमीटरहून जास्त वाढली आणि वाढीचा वेग या तीन दशकांत वर्षाला सुमारे २ मिलिमीटरवरून सुमारे साडेचार मिलिमीटरवर गेला. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी नोंदली गेली आहे. पण किनाऱ्यावरचे मापक त्या जागेच्या जमिनीच्या तुलनेत सांगते. जमीन खचली की पाणी वाढले, हे एकट्या मापकाला ठरवता येत नाही. उपग्रहाला ती अडचण नाही.

भारत या कामात मागे नाही. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी इस्रोने श्रीहरिकोटाहून 'सरल' नावाचा उपग्रह सोडला. त्यावरील अल्टिका हे उंचीमापक फ्रान्सचे, उपग्रह आणि प्रक्षेपण आपले. इतर उपग्रहांपेक्षा आखूड लहरी वापरल्याने त्याची मोजणी जास्त बारीक होती. मात्र पाऊस आला की त्याच लहरी मंदावतात. मान्सूनच्या देशाच्या वाट्याला हे यावे, हा योगायोग म्हणायचा. लक्षद्वीपातील कवरत्ती बेटावर त्याच्या मोजणीची पडताळणी होत असे. त्याच्या नोंदींचा उपयोग अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने समुद्राबरोबरच नद्यांच्या पातळीसाठीही केला. म्हणजे विद्या आपल्या घरात आहे. अडले आहे ते वेगळ्याच ठिकाणी.

हेच उंचीमापक ध्रुवावरच्या समुद्रातील बर्फही मोजते आणि तेथली गंमत अशी की बर्फाची जाडी वरून दिसतच नाही. तरंगत्या बर्फाचा नऊ-दशांशाच्या आसपास भाग पाण्याखाली असतो. उपग्रह काय करतो? बर्फाच्या दोन तुकड्यांमधील भेगेत दिसणाऱ्या पाण्याची पातळी घेतो, शेजारच्या बर्फाच्या पृष्ठाची पातळी घेतो. दोहोंतला फरक म्हणजे पाण्याबाहेर डोकावणारा बर्फ. त्यावरून घनतेच्या हिशेबाने खालचा बर्फ काढायचा. यात धोका उघड आहे. वर एका सेंटिमीटरची चूक झाली की जाडीत दहाएक सेंटिमीटरची चूक होते. शिवाय बर्फावर हिम साचलेले असते. त्याचे वजन बर्फाला खाली दाबते. ते हिम किती? याचे उत्तर शास्त्रज्ञ अनेक वर्षे सोव्हिएत संघाच्या तरंगत्या ठाण्यांवरील माणसांच्या नोंदींतून काढत होते. १९५४ ते १९९१ या काळात बर्फाच्या तुकड्यांवर तंबू ठोकून राहिलेल्या त्या माणसांनी काठ्या रोवून हिमाची खोली मोजून ठेवली. युरोपचा एप्रिल २०१० मध्ये गेलेला क्रायोसॅट-२ आणि अमेरिकेचा सप्टेंबर २०१८ मध्ये गेलेला आइससॅट-२ यांनी आता त्यावर उपाय काढला आहे. पहिला रडार वापरतो, ते बऱ्याच अंशी हिमातून पार होऊन बर्फावर पोचते. दुसरा लेसर वापरतो, तो हिमाच्या वरच्या थरावरूनच परततो. जुलै २०२० मध्ये क्रायोसॅटची कक्षा मुद्दाम थोडी बदलली, जेणेकरून दोघे एकाच बर्फावरून थोड्या वेळाच्या अंतराने जावेत. दोन उंच्यांतला फरक म्हणजे हिमाची खोली. (हा पहिला क्रायोसॅट नव्हे. पहिला ऑक्टोबर २००५ मध्ये प्रक्षेपणातच समुद्रात गेला. युरोपने तो पुन्हा बांधला. आपल्याकडे अशा अपयशानंतर काय चर्चा झाली असती याची कल्पना करवत नाही.)

या मोजणीतून निघालेला एक आकडा सांगतो. अमेरिकन पाणबुड्यांच्या जुन्या नोंदी आणि पहिल्या आइससॅटच्या नोंदी जोडून क्वोक आणि रोथरॉक या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवून दिले की आर्क्टिकच्या मध्यभागी हिवाळ्यातील बर्फाची सरासरी जाडी १९८० मध्ये ३.६४ मीटर होती, ती २००८ मध्ये १.८९ मीटरवर आली. म्हणजे जवळपास निम्मी. बर्फाने व्यापलेले क्षेत्र वेगळ्या यंत्राने मोजतात, त्याची कथाही वेगळी नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये ते सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत उतरले. मार्च २०२५ मधील हिवाळी कमाल क्षेत्र सुमारे १ कोटी ४३ लाख चौरस किलोमीटर होते; उपग्रहांच्या नोंदीतील हिवाळी कमाल त्यापूर्वी इतकी कमी कधीच नव्हती. समुद्रात तरंगणारा बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, पेल्यातला बर्फ विरघळून पेला सांडत नाही तसे. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ उतरल्याने आणि पाणी तापून फुगल्याने. आमच्या कार्यकर्त्यांच्या भाषणांतही या दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून हे सांगितले.

वर पाणबुड्यांचा उल्लेख आला, तो महत्त्वाचा आहे. शीतयुद्धाच्या काळात बर्फाखालून फिरणाऱ्या अणुपाणबुड्या वरच्या बर्फाची जाडी ध्वनिलहरींनी नोंदवीत. त्या नोंदी लष्करी गुपित होत्या. शीतयुद्ध संपल्यावर, १९९० च्या दशकात, त्या टप्प्याटप्प्याने खुल्या झाल्या, तेव्हा कुठे जगाला कळले की बर्फ पातळ होतो आहे. यंत्राने पाहिले होते, कागदावर उतरले होते, फक्त शिक्क्याखाली होते.

यापेक्षाही बोलके उदाहरण जिओसॅटचे. १९८५ मध्ये अमेरिकन नौदलाने हा उंचीमापक उपग्रह सोडला. पहिल्या दीड वर्षात त्याने समुद्राच्या पृष्ठभागाची जी दाट मोजणी केली, तिच्यावरून समुद्राच्या तळाचे चढउतार आणि गुरुत्वाकर्षणातले फरक निघतात. पाणबुडीवरून क्षेपणास्त्र सोडणाऱ्याला त्याचे मोल फार, म्हणून तो संग्रह गुप्त ठेवला. पुढे युरोपने १९९१ मध्ये ईआरएस-१ सोडला आणि १९९४-९५ मध्ये त्याने तशीच दाट मोजणी केली. ती खुली होती. मग नौदलाने काय केले? १९९५ मध्ये आपला संपूर्ण संग्रह खुला केला. राष्ट्राची सुरक्षा एका वर्षात बदलली नव्हती. दुसऱ्या कोणी तेच मोजल्यावर गुपित सांभाळण्यात अर्थ उरला नव्हता, एवढेच. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती आपल्या गंगेला लावायची आहे.

उलट दिशेचे उदाहरणही ताजे आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेने जाहीर केले की लष्करी हवामान उपग्रहांच्या ज्या नोंदींवरून ध्रुवीय बर्फाचे क्षेत्र मोजले जाते, त्या काही दिवसांतच नागरी वापरासाठी बंद होतील. मुदत आधी जूनअखेर, मग जुलैअखेर. ओरड झाल्यावर निर्णय फिरला आणि सप्टेंबर २०२६ पर्यंत नोंदी चालू ठेवण्याचे ठरले. मधल्या काळात अमेरिकन बर्फतज्ज्ञांना जपानी उपग्रहाकडे वळावे लागले. उपग्रह चालू असताना केवळ वितरण बंद करण्याचा हा प्रकार होता. दिलेली माहिती काढूनही घेता येते. ती कोणाच्या मर्जीवर ठेवायची नसेल तर कायद्याचाच आधार लागतो.

उपग्रहाची नोंद सत्तेला कशी आडवी येते, हे पूर्व आफ्रिकेत दिसले. युगांडातील ओवेन फॉल्स धरण १९५४ मध्ये सुरू झाले. व्हिक्टोरिया तळ्याचे पाणी नाईलमध्ये जाते ते येथून. धरण बांधताना इजिप्तशी ठरले होते की तळ्याची पातळी जितकी असेल त्या प्रमाणातच, निसर्गतः जेवढे पाणी गेले असते तेवढेच सोडायचे. २००० च्या सुमारास शेजारी दुसरे वीजघर उभे राहिले. त्यानंतर तळे उतरू लागले आणि २००६ मध्ये ते सुमारे ऐंशी वर्षांतील नीचांकाला पोचले. केनिया आणि टांझानियाच्या काठावर होड्या चिखलात बसल्या. अधिकृत कारण एकच: दुष्काळ. विसर्गाचे आकडे मिळणे कठीण होते. परंतु तळ्याची पातळी टोपेक्स आणि जेसनच्या मोजणीवरून अमेरिकेचे शेती खाते खुलेपणाने प्रसिद्ध करीत होते, पिकांच्या अंदाजासाठी. नैरोबीतील एका जलशास्त्रज्ञाने २००६ मध्ये अहवाल काढला: २००४ आणि २००५ मधील घट निम्मी दुष्काळाची, निम्मी किंवा थोडी अधिकच ठरल्यापेक्षा जास्त पाणी सोडल्याची. पाऊस कमी होता हे खोटे नव्हते. अर्धे सत्य होते. अर्धे सत्य खोडायला नेहमी आकडाच लागतो.

आपल्याकडे त्याचे उदाहरण कोसी नदीचे. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसीचा बांध फुटला आणि उत्तर बिहारमधील लाखो लोक बेघर झाले. 'निसर्गाचा कोप' असे सांगण्यात आले. बांधाची रचना साडेनऊ लाख क्युसेकसाठी होती; फुटला त्या दिवशी नदीत सुमारे दीड लाख क्युसेक पाणी होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोप कोणाचा ते कळते. त्या पुरात सर्वांत शेवटी होडी पोचली ती मुसहरांच्या टोल्यांवर. ज्याच्या घरात पाणी शिरते त्याच्या हातात आकडा नसतो, हे येथे वेगळे सांगायला नको.

आता कायद्याकडे येऊ. राष्ट्रीय जलनीती २०१२ म्हणते की राष्ट्रीय सुरक्षेसाठी वर्गीकृत केलेली सोडून सर्व जलविषयक माहिती लोकांसाठी खुली असावी. वाक्य चांगले आहे. पण अपवाद केवढा? सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा ही खोरी वर्गीकृत आहेत. देशाच्या लोकसंख्येचा केवढा मोठा भाग या खोऱ्यांत राहतो! पावसाळ्यात केंद्रीय जल आयोग तेथील पुराची पातळी आणि अंदाज जाहीर करतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु वर्षभराचा विसर्ग, जुन्या नोंदी, कोणत्या दिवशी कोणत्या बंधाऱ्यातून किती सोडले याचे तपशील हवे असतील तर अर्ज, हमीपत्र, गोपनीयतेची बंधने आणि मर्जी. सामान्य माणसाला, गावच्या संघटनेला, पूरग्रस्तांच्या वकिलाला तो दरवाजा जवळजवळ बंदच असतो. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(अ) पुढे केले की विषय संपतो. याच कायद्याचे कलम ८(२) सांगते की लोकहित मोठे असेल तर अपवादातील माहितीही देता येते, १९२३ चा शासकीय गुपिते कायदा काहीही म्हणो. या उपकलमाची आठवण अधिकाऱ्यांना क्वचितच होते.

या जल आयोगाचे मूळ कोठे आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. सिंचन आणि वीज त्याच खात्याकडे होती. १९४३ च्या दामोदर पुरानंतर खोऱ्याचा एकत्रित विचार त्यांनी पुढे नेला आणि १९४५ मध्ये त्यांच्याच खात्याखाली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचा तो पूर्वज. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी पुराकडे केवळ संकट म्हणून पाहणाऱ्या, बांध घालून मोकळे होणाऱ्या दृष्टीला विरोध केला. खोरे हे एकक मानायचे तर खोऱ्याची मोजणी एका जागी हवी, हा त्यामागचा विचार. ती मोजणी लोकांपासून लपवण्यासाठी संस्था काढली नव्हती.

या गोपनीयतेचे समर्थन काय? शेजाऱ्यांशी वाटाघाटी करताना आपले पत्ते उघडे पडू नयेत. १९८५ मध्ये हे म्हणणे ऐकून घेता आले असते. आज काय स्थिती आहे? १६ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिका आणि फ्रान्सने 'स्वॉट' हा उपग्रह सोडला. जुने उंचीमापक बरोबर पायाखालची एक रेघ मोजत. हा दोन्ही बाजूंचा मिळून सुमारे १२० किलोमीटरचा पट्टा मोजतो, मधली थोडी जागा सोडून. १०० मीटरहून रुंद नद्या, सहा हेक्टरहून मोठी तळी आणि जलाशय त्याच्या टप्प्यात येतात आणि नदीच्या पृष्ठभागाचा उतारही तो मोजतो. २१ दिवसांनी तो आपल्या वाटेची आवृत्ती पुरी करतो. नोंदी फुकट, कोणालाही. इस्लामाबादेत, बीजिंगमध्ये, ढाक्यात बसलेला अभियंता गंगा-चिनाबची पातळी त्यातून काढू शकतो. बांगला देशाने तर फार आधीच हे केले. त्या देशाच्या नद्यांचे नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी सीमेपलीकडून येते. पूर सीमेवर आल्यावर मोजायचा म्हणजे हातात तीन ते पाच दिवस. वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापक फैसल हुसेन आणि सहकाऱ्यांनी ढाक्याच्या पूर अंदाज केंद्राबरोबर जेसन-२ च्या नोंदी वापरल्या. उपग्रहाची वाट गंगा-ब्रह्मपुत्रेला भारतात जेथे जेथे छेदते, तेथली पातळी घेऊन त्यांनी अंदाजाची मुदत आठ दिवसांपर्यंत नेली. नदीतल्या चरांवर राहणाऱ्या भूमिहीनाला या जादा दिवसांत गुरे, धान्य आणि म्हाताऱ्यांना हलवता येते. ती माहिती आपल्या सरितामापन केंद्रांकडे आधीपासून होती. शेजाऱ्याला ती १३३६ किलोमीटर वरून आणावी लागली.

म्हणजे गुपित परदेशापासून राहिलेलेच नाही. ते फक्त आपल्याच नागरिकांपासून राहिले आहे. जिओसॅटच्या बाबतीत अमेरिकन नौदलाला जे १९९५ मध्ये उमगले ते आपल्या मंत्रालयांना उमगत नाही, की उमगूनही सोयीचे नाही?

महाराष्ट्राच्या वाचकाला हा प्रश्न सांगली-कोल्हापुरात भेटतो. कृष्णा खोरे वर्गीकृत नाही, तरी २०१९ च्या महापुरानंतरचा वाद आठवा. आयर्विन पुलाला पंचेचाळीस फूट आणि राजाराम बंधाऱ्याला त्रेचाळीस फूट या धोक्याच्या पातळ्या तिथल्या लहान पोरालाही पाठ आहेत. अलमट्टीच्या फुगवट्यामुळे पूर चढतो असे एक बाजू म्हणते. वडनेरे समितीने २०२० मध्ये अलमट्टीला जबाबदार धरले नाही. आता कर्नाटक तेथील पाणीसाठा ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेऊ पाहते आणि २०२५ पासून वाद पुन्हा तापला आहे. फुगवटा आहे की नाही हा प्रश्न मुळात नदीच्या पृष्ठभागाच्या उताराचा आहे आणि स्वॉट नेमका तोच मोजतो. पण येथे सावध केले पाहिजे. पूर तीन-चार दिवसांत शिगेला जाऊन उतरतो. उपग्रह त्या घटकेला वर असेलच असे नाही. तो पातळी सांगतो, विसर्ग नाही. विसर्गासाठी नदीचे पात्र किती खोल हे जमिनीवरच मोजावे लागते. अरुंद घाटातल्या ओढ्याला तर तो ओळखतही नाही. म्हणून उपग्रह आला, आता केंद्रे बंद करा, असा निष्कर्ष कोणी काढेल तर तो हाणून पाडला पाहिजे. उपग्रहाच्या नोंदीचे खरेखोटे ठरते ते केंद्रावरच्या पट्टीशी ताडून, आणि ती पट्टी वाचणारा माणूस बहुधा तुटपुंज्या मजुरीवरचा कंत्राटी असतो. दोन्ही नोंदी शेजारी ठेवता आल्या पाहिजेत, एवढीच मागणी आहे.

न्यायालयात त्या ठेवता येतील का, असे पूरग्रस्तांसाठी काम करणारे तरुण वकील आम्हाला विचारतात. येतात. सरकारने तयार केलेल्या नकाशांबाबत कायदा अचूकतेचे गृहीतक धरतो. परदेशी उपग्रहाच्या नोंदीला ते कवच नाही. ती इलेक्ट्रॉनिक पुरावा ठरते. पूर्वीचे कलम ६५ब आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ तिला लागू. जालन्याच्या निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत. दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो आणि फाईलचा हॅश क्रमांक नोंदवायचा असतो. तेव्हा नोंद उतरवून घेतली त्याच दिवशी तारीख, उपग्रहाचे नाव, फाईलचा क्रमांक जपून ठेवावा, आणि जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात असा तज्ज्ञ आधीच गाठून ठेवावा. त्याबरोबर जवळच्या सरितामापन केंद्राच्या त्याच दिवसांच्या नोंदी माहिती अधिकारात मागाव्यात, अर्जात कलम ८(२) स्वतःहून नमूद करून. नकार आला तर तो लेखी घ्यावा. परदेशी उपग्रहाची खुली नोंद जोडून अपील केले की 'हे उघड झाल्यास सुरक्षेला बाधा' हे उत्तर माहिती आयोगापुढे टिकवणे अधिकाऱ्याला सोपे जात नाही.

गंगेचा भारत-बांगला देश करार १२ डिसेंबर १९९६ रोजी तीस वर्षांसाठी झाला. ती मुदत डिसेंबर २०२६ ची. जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत दर दहा दिवसांच्या हिशेबाने फरक्क्याचे पाणी वाटले जाते आणि दोन्ही देशांची संयुक्त पथके फरक्क्याला व पलीकडे हार्डिंज पुलाला मोजणी करतात. ती रोजची मोजणी मुर्शिदाबादच्या आणि राजशाहीच्या शेतकऱ्याला, कोळ्याला त्याच दिवशी वाचता यावी, असे एक कलम पुढच्या मसुद्यात घालायला दोन्ही सरकारांना एक पैसा लागणार नाही. ते घालायचे की पुन्हा शिक्का मारायचा, हे दिल्ली आणि ढाक्याच्या वाटाघाटींच्या टेबलावर ठरेल, आणि तेथे या शेतकऱ्याला खुर्ची नाही.